उपजत मृत्यूची नोंद: कोतवाल बुकापासून नमुना ३ पर्यंत, खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत जातीच्या दाखल्यासाठी म्हणून खान्देशातल्या कितीतरी घरांनी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाच्या, म्हणजे गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या, नकला काढल्या. शोधत होते पणजोबांची जात, पण पानं उलटताना घरातल्या बायकांनी वेगळेच प्रश्न विचारायला सुरुवात केली. आजीची चार लेकरं पोटातच गेली असं ऐकलंय, ती यात का नाहीत? तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

उपजत मृत्यू म्हणजे नेमकं काय? गर्भपात आणि हे एकच का?

नाही, एकच नाही. दिवस भरत आल्यावर किंवा निदान सातवा महिना उलटल्यावर मूल जन्मलं पण जन्मताना त्यात जिवाची कसलीच खूण नव्हती, श्वास नाही, हृदयाचा ठोका नाही, नाळेत धडधड नाही, हातपाय हलले नाहीत, तर तो उपजत मृत्यू. कागदावर मृतजन्म असंही लिहितात. आपल्याकडे नोंदणीसाठी गर्भाचे २८ आठवडे पूर्ण झालेले असायला लागतात, त्याच्या आधी गेलं तर या रजिस्टरात येत नाही.

जन्म आणि मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ वाचाल तर त्यात "जन्म" या शब्दाची व्याख्याच जिवंत जन्म किंवा मृतजन्म अशी आहे, आणि "मृत्यू" म्हणजे जिवंत जन्म झाल्यानंतर जीव जाणं. म्हणजे कायद्याच्या नजरेत ते बाळ जन्मलेलं आहे. "ते झालंच नाही असं समज" असं सुनेला सांगणाऱ्या प्रत्येक घराने ही व्याख्या एकदा वाचावी असं मला फार वाटतं.

जुन्या कोतवाल बुकात अशा बाळाची नोंद सापडेल का?

आशा कमी ठेवा, पण बघा जरूर. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना नंबर १४, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही. जुनी पानं बऱ्याचदा मोडी लिपीत असतात, वाचणारा माणूस सोबत न्यावा लागतो. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण नाव ठेवायचं बारशाला आणि नोंद व्हायची त्याच्या आधी, त्यामुळे बापाचं नाव, जात आणि मुलगा की मुलगी एवढंच दिसतं. मृत्यूच्या नोंदीत वय आणि मरणाचं कारण.

आता जे मूल मेलेलंच जन्मलं ते या दोन्हींत कुठे बसवणार? जन्म लिहायचा तर जिवंत नाही, आणि मरण लिहायचं तर त्याच्या आधी जगलेलं पाहिजे. लिहिणाऱ्याने स्वतःहून लिहिलं तर लिहिलं, नाहीतर सुटलं. कधीकधी त्याच दिवशी जन्म आणि त्याच दिवशी मृत्यू अशी जोडी दिसते, तेव्हा मूल थोडा वेळ जगलं होतं की मेलेलंच झालं होतं हे त्या पानावरून ठरवता येत नाही, म्हणून कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

इंग्रज सरकार तर सगळं मोजायचं, मग हे का नाही मोजलं?

सगळं मोजायचं असं आपल्याला वाटतं कारण १८८० चं खान्देश गॅझेटियर उघडलं की पिकं, जाती, बाजार, किल्ले, पाऊस सगळं सापडतं. पण जन्म-मृत्यूचे आकडे गोळा करण्यामागे पहिला हेतू होता साथी. मुंबई इलाख्यात सॅनिटरी कमिशनर, म्हणजे सार्वजनिक आरोग्य बघणारे सरकारी अधिकारी, आले ते १८६० च्या दशकात, १८५७ नंतर फौजेची तब्येत ही सरकारची मोठी चिंता होती, आणि पटकीची (कॉलऱ्याची) साथ यात्रेतून छावणीत येते का हे त्यांना बघायचं होतं. म्हणून मरणाच्या कारणांचे रकाने कसे होते बघा: पटकी, देवी, ताप, हगवण-आमांश, इजा, आणि बाकी सगळं एका रकान्यात. नंतर श्वासाचे रोग आणि १८९६ पासून आलेला प्लेग असे रकाने वाढले. बाळंतपणात गेलेली बाई "बाकी सगळ्यात" किंवा तापात जायची, आणि तिच्या पोटात गेलेलं मूल कशातच नाही.

दुसरं म्हणजे माहिती देणारा कोण, तर गावचा पाटील. त्याच्या अंगावर सारा वसुली, फौजदारी आणि साहेबाच्या दौऱ्याची व्यवस्था, त्यात ही नोंद. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला जायची सोय नाही, आत काय झालं ते माहीत फक्त सुईणीला, आणि सुईणीला कुणी विचारलं नाही. माझ्या मते सगळ्या गोष्टीचं मूळ इथे आहे. साक्षीदार समोर होती पण तिची साक्ष घ्यायची पद्धतच नव्हती. ती लिहू शकत नव्हती हे खरं, पण पाटलाला सांगू तरी शकली असती ना.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालातही देशातल्या जन्म-मृत्यू नोंदी अपुऱ्या आणि भरवशाच्या नाहीत असंच म्हटलंय.

म्हणजे हा फक्त आपल्याकडचा दोष होता का? इंग्लंडात नोंद व्हायची का?

नाही व्हायची, आणि हे ऐकून बरेच जण चकित होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली १८३७ साली. विल्यम फार नावाचे आकडेशास्त्री तिथल्या रजिस्ट्रार जनरलच्या ऑफिसात जवळपास चाळीस वर्षं होते, कुठल्या धंद्यातला माणूस कशाने मरतो इथपर्यंत त्यांनी हिशोब मांडला, पण मृतजन्माची नोंद त्या कायद्यात नव्हतीच. ती सुरू झाली १ जुलै १९२७ पासून, म्हणजे तब्बल ९० वर्षांनी. स्कॉटलंडात १९३९, उत्तर आयर्लंडमध्ये १९६१.

मधल्या काळात काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. नोंदच नाही म्हटल्यावर मेलेलं मूल कुठलाही कागद न दाखवता पुरता यायचं, दुसऱ्याच कुणाच्या शवपेटीत ठेवूनही पुरायचे. मग शंका यायला लागली की नको असलेली जिवंत मुलं मारून "मेलेलंच झालं" म्हणून पुरतायत. त्यामुळे १८७४ च्या कायद्यात पुरण्यासाठी डॉक्टरचा दाखला किंवा बाळंतपणाला हजर असलेल्याचं लेखी निवेदन मागायला सुरुवात झाली. १८९३ साली पार्लमेंटच्या समितीने सांगितलं की नोंद करा, तरी केली नाही. १९०७ च्या कायद्याने जन्माची खबर ३६ तासांत आरोग्य अधिकाऱ्याला द्यायची असं ठरलं, त्यात २८ आठवड्यांनंतरचं मूल जिवंत असो की मेलेलं, दोन्ही आले, पण हा कायदा लागू करायचा की नाही ते त्या त्या गावावर सोडलेलं, सगळीकडे सक्ती झाली १९१५ ला.

बघा, तिथेही कागद आधी आला तो संशयापोटी. आईची तब्येत, बाळंतपणातली काळजी हे कारण नंतर पुढे आलं. ज्या सरकारच्या स्वतःच्या देशात हा रकाना नव्हता ते एरंडोलच्या नाहीतर शहाद्याच्या पाटलाकडून तो कसा भरून घेणार?

मग आधी कुणी मोजलं?

स्वीडन. तिथे १७४९ पासून देशभर लोकसंख्येचे तक्ते भरायची पद्धत सुरू झाली, भरायचे कोण तर गावच्या चर्चचे पाद्री, आणि अठराव्या शतकाच्या मध्यापासूनचे मृतजन्मांचे आकडे तिथे मिळतात. तिथे एक जमेची बाजू म्हणजे शिकवलेल्या सुईणींची फळी सरकारने उभी केली. १८२९ पासून तर अडलेल्या बाळंतपणात हत्यारं वापरायची परवानगीही त्यांना होती. मोजणं आणि सुईणीला शिकवणं दोन्ही सोबत चाललं, म्हणून आज जगातले अभ्यासक जुन्या काळातलं बाळंतपण समजायला स्वीडनचे तक्ते उघडतात.

फ्रान्सचे जुने आकडे एवढे जास्त का दिसतात? तिथे खरंच जास्त मुलं मेलेली जन्मायची का?

तसं नाही सांगता येत. ४ जुलै १८०६ चा तिथला एक हुकूम आहे. जन्म नोंदवायला तीन दिवसांची मुदत असायची, आणि त्या मुदतीत नोंद व्हायच्या आधीच मूल गेलं तर अधिकाऱ्याने "निर्जीव अवस्थेत दाखवलेलं मूल" एवढंच लिहायचं, ते जगलं होतं का नव्हतं यावर त्याने काहीच बोलायचं नाही. परिणाम काय, तर दोन दिवस जगून गेलेलं मूलही मृतजन्मांच्या गठ्ठ्यात. बेल्जियममध्येही तीच पद्धत चालली. स्पेनमध्ये चोवीस तास न जगलेल्या मुलाला कायदा माणूस म्हणून धरायचाच नाही. फ्रान्सने ही व्यवस्था नीट बदलली ती १९९३ साली.

यात गंमत नाही, फार गंभीर घोळ आहे. उदाहरणाने सांगते. समजा एका तालुक्यात वर्षात १००० मुलं जिवंत जन्मली आणि त्यातली ६० वर्षाच्या आत गेली, बालमृत्यू दर झाला ६०. आता त्या ६० पैकी १२ मुलं पहिल्या काही तासांत गेली होती आणि कुणीतरी ती "मेलेलीच झाली" म्हणून लिहिली. मग जिवंत जन्म राहिले ९८८, मृत्यू ४८, आणि दर आला जवळपास ४९. एकही मूल वाचलं नाही तरी कागदावर तालुका सुधारला! बालमृत्यू दरात उपजत मृत्यू धरत नाहीत म्हणून हे होतं. यावर तोडगा म्हणून उपजत मृत्यू आणि पहिल्या आठवड्यातले मृत्यू एकत्र मोजायची पद्धत विसाव्या शतकात आली, तिला प्रसूतिकालीन किंवा परिजन्म मृत्यू दर म्हणतात, आणि इकडचं मूल तिकडे लिहून तो दर फारसा हलत नाही.

हे २८ आठवडे कुणी ठरवले?

सातव्या महिन्याचं मूल जगू शकतं ही समजूत फार जुनी आहे, आपल्या घरातही आहे. (आठव्याचं जगत नाही हा त्याच्या पुढचा भाग मात्र साफ चुकीचा आहे, आठव्याचं मूल सातव्यापेक्षा जास्त तगतं, कृपया कुणा बाईला असं बोलून घाबरवू नका.) इंग्लंडच्या १९०७ च्या कायद्यात २८ आठवडे आले, १९२५ साली राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागाने तीच रेघ धरली. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली जिवंत जन्म म्हणजे काय याची व्याख्या केली, आधी फक्त श्वास बघायचे, आता हृदयाचा ठोका, नाळेची धडधड, स्नायूंची हालचाल यातलं काहीही असेल तर जिवंत.

पुढे मशिनी आल्या, लवकर जन्मलेली मुलं जगायला लागली, तेव्हा ब्रिटनने १९९२ च्या कायद्याने रेघ २४ आठवड्यांवर आणली. आपण २८ वरच आहोत. म्हणून त्यांचा आकडा आणि आपला आकडा शेजारी ठेवून कुणी बोलत असेल तर आधी विचारायचं, कुठल्या आठवड्यापासून मोजलंय?

खान्देशात नोंद सुटायची मुख्य कारणं कुठली? अजून सुटते का?

सुटते. कारणं बरीच जुनीच आहेत.

लहान मूल आपल्यात जाळत नाहीत, पुरतात. तेही बहुतेक वेळा स्मशानात नाही, शेताच्या बांधाला, नाल्याच्या काठाला, दोन-चार जण रात्रीच जाऊन येतात. स्मशानातला माणूस खबर देईल ही कायद्यातली सोय इथे कामालाच येत नाही. दुसरं, पहिलं बाळंतपण माहेरी. घटना जिथे घडली तिथेच नोंद होते, म्हणजे सासर पाचोऱ्याला असेल आणि माहेर शिरपूरकडे, तर नोंद माहेरच्या ग्रामपंचायतीत व्हायला पाहिजे, आणि माहेरचे म्हणतात सासरचे करतील, सासरचे म्हणतात तिकडेच झालंय ना. कुणीच करत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात जास्त बोचतं. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा, साक्री, चाळीसगाव या पट्ट्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात, गुजरातेत नाहीतर पश्चिम महाराष्ट्रात. बाई सातव्या-आठव्या महिन्यात कोयता घेऊन फडात. तिथे काही झालं तर तिथल्या गावाला ती परकी, आणि इथल्या आशाताईच्या वहीत ती "स्थलांतरित". दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मूल कुठेच नाही.

आणि सातपुड्यातले पाडे. पावसाळ्यात रस्ता नाही, बाळंतपण घरीच, ग्रामपंचायत ऑफिस डोंगर उतरून. अशा ठिकाणी २१ दिवसांत कागद भरून या म्हणणं सोपं आहे, पण बाळंतिणीला सोडून एक दिवसाची मजुरी बुडवून माणूस जाणार कशासाठी, त्याला त्यातून मिळणार काय हे कुणी सांगितलेलंच नसतं.

नोंद केली तर पोलीस येतील, चौकशी होईल अशी भीती वाटते. खरं आहे का?

ही भीती उगाच आलेली नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३१८ होतं, मूल जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर मेलेलं असो, त्याचा देह गुपचूप पुरून जन्म लपवणं गुन्हा. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम ९४ आहे. म्हणजे मेलेल्या जन्मलेल्या मुलाची दखल फौजदारी कायद्याने कधीच घेतली होती, आरोग्याच्या तक्त्याने घेतली नाही. विधवा नाहीतर लग्न न झालेल्या बाईवर अशा वेळी काय गुदरलं असेल याची कल्पना करवत नाही.

पण नीट बघा, गुन्हा आहे तो लपवण्याचा. नोंद करणं म्हणजे लपवण्याच्या उलट. नैसर्गिकपणे झालेला उपजत मृत्यू नोंदवल्यामुळे घरच्यांवर गुन्हा होत नाही.

आता नोंद कुठे आणि कशी करायची?

दवाखान्यात झालं असेल तर खबर द्यायची जबाबदारी दवाखान्याची. घरी झालं असेल तर कुटुंबप्रमुखाची. गावात ग्रामपंचायतीत, म्हणजे ग्रामसेवक (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात), आणि शहरात नगरपालिका किंवा जळगाव-धुळ्यासारखी महापालिका. जन्माला नमुना १, मृत्यूला नमुना २, उपजत मृत्यूला नमुना ३. त्यात आईचं वय, शिक्षण, बाळंतपण कुणी केलं, किती आठवडे झाले होते आणि कारण काय असं विचारलेलं असतं. २१ दिवसांच्या आत फी लागत नाही. उशीर झाला तरी नोंद होते, फक्त फी आणि परवानगीची पायरी वाढत जाते.

ऑफिसात कुणी म्हटलं की मेलेल्या मुलाची काय नोंद करता, तर शांतपणे नमुना ३ मागा. तो छापलेला फॉर्म आहे, मेहरबानी नाही.

मूल एकदाच रडलं आणि गेलं. कुठला फॉर्म?

मग ते जिवंत जन्मलं. जन्माची नोंद आणि मृत्यूची नोंद, दोन्ही करायच्या. नमुना ३ नाही. एक श्वास, एक ठोका पुरे.

नोकरी करणाऱ्या बाईला रजा मिळते का?

मिळते. मातृत्व लाभाच्या कायद्यात (आधी १९६१ चा अधिनियम, नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता २०२०) "मूल" या शब्दात मृत जन्मलेलं मूलही येतं, त्यामुळे ज्या कामाच्या ठिकाणी हा कायदा लागू आहे तिथे बाळंतपणाची रजा आणि पगार हा तिचा हक्क आहे, "मूल तर नाही ना आता" म्हणून तिला कामावर बोलावता येत नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांसाठी सप्टेंबर २०२२ च्या आदेशाने अशा वेळी ६० दिवसांची विशेष रजा आहे. कागदाचा उपयोग काय असं विचारणाऱ्यांना हे एक उत्तर.

आज जगात आणि भारतात आकडा किती आहे?

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी उपजत मृत्यूंवरचा पहिला संयुक्त अंदाज काढला तो ऑक्टोबर २०२० मध्ये, इतका उशिरा. त्यात २०१९ साठी जगात सुमारे १९ लाख, म्हणजे दर १६ सेकंदाला एक, आणि त्यातले साधारण ३ लाख ४० हजार एकट्या भारतात, कुठल्याही देशापेक्षा जास्त. भारताच्या २०१४ च्या नवजात कृती आराखड्यात २०३० पर्यंत दर हजार जन्मांमागे हा आकडा १० च्या खाली आणायचं लिहिलंय. हे अंदाज आहेत हे विसरू नका. जिथे नोंद कमी तिथे आकडा मॉडेलवरून काढतात.

म्हणून तुमच्या तालुक्याचा आकडा शून्य नाहीतर फारच कमी दिसला तर पेढे वाटू नका, आधी विचारा की नमुना ३ चं रजिस्टर शेवटचं कधी उघडलं होतं.

दवाखान्याच्या कागदावर "ताजा" आणि "कुजलेला" असं लिहिलेलं वाचून फार त्रास झाला. असं का लिहितात?

शब्द कठोर आहेत, वाचताना आईला काय वाटत असेल. पण त्यामागे कामाची माहिती आहे. कातडी धड असेल तर मूल बहुतेक कळा सुरू झाल्यावर गेलं, म्हणजे बाळंतपणात अडलं, ठोके वेळेवर तपासले गेले नाहीत किंवा सिझेरियनला उशीर झाला अशी शक्यता बघायची. कातडी सुटायला लागली असेल तर आधीच पोटात गेलं होतं, मग रक्तदाब, साखर, इन्फेक्शन, वारेचा दोष, गरोदरपणातली तपासणी हे बघायचं. नंदुरबारकडे सिकलसेलही तपासायला पाहिजे. पुढच्या खेपेला डॉक्टरला पहिली गोष्ट हीच सांगा आणि तो कागद फाडू नका.

आजीच्या गेलेल्या लेकरांची आता सरकारी नोंद होणार नाही. वंशावळीत लिहायची असेल तर कशी लिहू?

आजी किंवा तिची धाकटी बहीण, जाऊ कुणी हयात असेल तर आधी त्यांना विचारा, सगळ्यांसमोर नाही, एकट्यात आणि त्यांना सांगायचं असेल तरच. साल आठवत नाही, पण बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, थोरला चालायला लागला होता तेव्हा, असं बरोबर आठवतं. त्याच्याही मागच्या पिढीचं प्लेगवरून, १९१८ च्या मानमोडीवरून (इन्फ्लुएंझाच्या साथीवरून) लावता येतं. बाळंतपण माहेरी झालं की सासरी ते विचारा, गावाचं नाव लिहा, मुलगा होता की मुलगी ते लिहा. किती महिन्यांचं होतं ते ती सांगेल तसंच लिहा, आठवड्यांत बदलू नका. सुईण कोण होती ते आठवत असेल तर तिचंही नाव लिहा. ही माहिती कुणी सांगितली आणि कुठल्या तारखेला, ते खाली लिहून ठेवा. दोघींच्या सांगण्यात फरक पडला तर दोन्ही लिहा, आणि लेकरांना क्रम द्यायचा झाला तर सगळ्यांना धरून द्या, पहिलं, दुसरं, तिसरं, त्यात जगलेलं आणि न जगलेलं वेगळं करू नका.